आणायला येणार नाही

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या आमच्या व्हालेहोत कोणाच्या घरात काय शिजतंय ते आधी माझ्या पार्लरच्या खुर्चीत कळतं, मग त्या घरात. ग्रेसेल नॉर्वेला शिकायला निघाली म्हटल्यावर ज्यांचे केस परवाच कापले होते त्या बायकासुद्धा पुन्हा येऊन बसल्या.

"नॉर्मी, तुझ्या बहिणीची सून पळाली म्हणे?"

"हातात कच्चं कार्ड आणि बाई निघाली परदेशी! लग्न कार्डासाठीच केलं असणार, दुसरं काय!"

"तोंड आवर," मी म्हटलं, "माझ्या हातात कात्री आहे."

ग्रेसेल म्हणजे माझ्या मिंडाताईची सून, डॅरिलची बायको. मूळची आमच्या मायदेशातल्या गिमारास बेटावरची. बाप समुद्रात दोऱ्या ताणून शेवाळाची शेती करायचा, ही पोर गुडघाभर पाण्यातच वाढली. डॅरिल चुलतभावाच्या लग्नाला तिकडे गेला आणि जीव तिथेच ठेवून आला. आमचा डॅरिल बसगाड्या दुरुस्त करतो. इंजिनाशी बोलतो तेवढंसुद्धा माणसांशी बोलत नाही. अशा मुखदुर्बळाने हिला पटवलं कसं, देव जाणे! लग्न झालं, ती अमेरिकेत आली आणि सरकारने तिला इथे राहायचं ग्रीन कार्ड दिलं, पण दोन वर्षांचं, अटीवरचं. दोन वर्षं सरताना नवराबायकोनं मिळून दाखवायचं की संसार खरा आहे, तेव्हा कार्ड पक्कं होणार.

इथल्या कॉलेजात तिने शिकायला घेतलं काय, तर शेवाळ! आणि कॉलेजने तिला नऊ महिन्यांसाठी नॉर्वेला पाठवायला निवडलं. त्या रात्री जेवणावर ताई कडाडली.

"शेवाळ बघायला नॉर्वे कशाला? आपल्या मागच्या अंगणातली टाकी बघ की!"

हसू नका. ताईच्या त्या रागाच्या पोटात भीती होती. मला इथे आणायला तिने अर्ज केला तेव्हा माझे केस काळेभोर होते. होकार आला तोवर मी ते रंगवायला लागले होते. कार्ड म्हणजे काय चीज असते ते आम्हा बहिणींना विचारा.

"इतके महिने बाहेर राहिलीस तर म्हणतील, हिचं घर इथे नाहीच," ताई म्हणाली. "कार्ड पक्कं होऊ दे, मग चंद्रावर जा."

"आई, मी वकिलाला विचारलंय," ग्रेसेल म्हणाली. "नऊ महिन्यांत परत येते, तारखा सांभाळते. समुद्र तापला आणि बाबांचं सगळं शेवाळ सडून गेलं. ते का सडलं हे तिथे शिकवतात. यंदा नाही गेले तर जागा दुसऱ्याला जाईल."

"आणि कार्ड गेलं म्हणजे?"

"भांडेन. पण ते जाईल या भीतीने घरात दडून बसणार नाही. कार्ड माझं आहे, मी कार्डाची नाही."

ताईने ताट सरकवलं. "मग जा! पण ध्यानात ठेव, परत येशील तेव्हा मी आणायला येणार नाही!"

आणायला येणार नाही, हे आमच्यात साधं बोलणं नव्हे. कोणी प्रवासाहून येणार म्हटलं की अख्खं खानदान विमानतळावर जातं. मेव्हण्याच्या मित्रासाठीसुद्धा दोन व्हॅन भरतात, सोबत भाताचं पातेलं असतं. आणि येणाऱ्याने पासालूबोंग आणायचं, म्हणजे घरातल्या प्रत्येकासाठी काहीतरी. एकाचं राहिलं तर तो मरेपर्यंत ऐकवतो. सुनेला आणायला न जाणं म्हणजे तिला सून न मानणं. ताई ते सगळ्यांदेखत बोलली आणि पोरीने बॅग भरली. मला ताईचा असा संताप आला म्हणून सांगू! ती माझी थोरली, म्हणून गप्प बसले.

नऊ महिने ताईने अबोला धरला. डॅरिल फोनवर बोलायला लागला की ही भांडी आपटायची. पण ग्रेसेलच्या उशीचा अभ्रा दर रविवारी बदललेला असायचा, तेही मी बघत होते.

ती परत यायच्या दिवशी आम्ही सॅन फ्रान्सिस्कोला निघालो तर ताई व्हॅनमध्ये आधीच बसलेली.

"येणार नव्हतीस ना?" मी विचारलं.

"मी गाडीत बसायला आलेय. आणायला नाही. चल, गप गाडी काढ."

विमान उतरलं, माणसं बाहेर आली, विमानातल्या हवाईसुंदऱ्यासुद्धा निघून गेल्या. ग्रेसेलचा पत्ता नाही! पातेल्यातला भात गार झाला, डॅरिलचा चेहरा पांढराफटक पडला. आत काय चाललं होतं ते तिने नंतर सांगितलं. तपासणीवरचा अधिकारी म्हणत होता, तू इथलं घर सोडलंयस, कार्ड परत करतेय म्हणून सही कर आणि मोकळी हो.

"सही करणार नाही," ही म्हणाली. "न्यायाधीशापुढे उभं करा. तिथे सांगेन."

त्याने बॅग उघडायला लावली. आत तिचे स्वतःचे कपडे दोन, बाकी सगळ्या पुड्या. लोकरी मोजे, चॉकलेटं, सुकी मासळी, आणि प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून नाव लिहिलेलं.

"हे विकायला आणलंस?"

"घरच्यांसाठी आणलंय. घर सोडलेली बाई इतकं ओझं कशाला वाहील? सगळे बाहेर उभे आहेत. विचारा जाऊन."

खरंच, तो एक पुडी हातात घेऊन बाहेर आला आणि त्याने नवऱ्याला पुढे बोलावलं. डॅरिल बोलला म्हणजे काय, "हो", "नाही", "ख्रिसमसला तिच्याकडे गेलो होतो", आणि घामाने निथळला. मी त्याची मावशी नसते तर मलाही वाटलं असतं की हा ठार खोटं बोलतोय. आता संपलं, अटीचं कार्ड आणि त्याबरोबर पोरीचा संसारही, असं मनात आलं.

त्याने पुडीवरचं नाव वाचलं. "मिंडा कोण?"

गाडीत बसायला आलेली ताई कधीच कठड्यापाशी येऊन उभी होती. "मी. सासू तिची."

"ती तुमच्याकडे राहते?"

"मग काय तुमच्याकडे राहते?"

"शेवटचं बोलणं कधी झालं तुमचं?"

मी डोळे मिटले. खोटं बोल गं बाई, एकदाच, म्हणून मेरीमातेला हात जोडले.

"नऊ महिन्यांपूर्वी," ताई म्हणाली.

त्याने भुवया वर केल्या. "नऊ महिने एक शब्द नाही?"

"एक नाही! मी नको म्हणत असताना गेली ती. अहो, परक्या बाईवर कोण नऊ महिने रुसून बसतं? त्याला घरची सूनच लागते! तुमचं लग्न झालंय का? तुमच्या आईला फोन लावून विचारा!"

मागे आमची सगळी पलटण "हो, हो" म्हणून ओरडली. त्या माणसाने पुडी ताईच्या हातात दिली आणि तो आत गेला.

ग्रेसेल बॅग ओढत बाहेर आली ती ताठ मानेने. कार्ड हातात होतं. डॅरिल रडायला लागला, तर त्याला म्हणाली, "बॅग धर आधी, जड आहे." मग ती सासूपुढे उभी राहिली. थोरल्यांचा हात कपाळाला लावायची आमची रीत आहे, पण हात थोरल्यांनी द्यावा लागतो. ताईने पुडी फोडून आतल्या लोकरी सपाता पायांत चढवल्या. सुजलेल्या पायांना त्या बरोब्बर बसल्या. मग तिने हात पुढे केला.

ग्रेसेलने तो कपाळाला लावला आणि वाकल्या वाकल्याच म्हणाली, "आई, आधीच सांगते. पुढच्या उन्हाळ्यात दीड महिना पुन्हा जायचंय."

ताईने पातेल्याचं झाकण काढलं, ताटात गार भाताचा डोंगर केला, त्यावर अडोबोचा आंबट मांसरस्सा ओतला आणि ताट सुनेच्या हातात दिलं.

"आधी जेव," ती म्हणाली. "मग भांडू."