एका पगाराचं वर्ष

काटकसरीचं एक बरं असतं. पैसे साठोत न साठोत, किस्से मात्र साठतात! आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एका वर्षात इतके साठले, की आम्ही जुन्या बायका आजही कुणाच्या लग्नात भेटलो की जेवण राहतं बाजूला आणि पेंढ्याची पेटी निघते.

शाळा निर्मळ गावाच्या जवळ. सत्तरचं दशक संपत आलेलं. स्टाफरूम म्हणजे एक लांब टेबल आणि पाच खुर्च्या, त्यातली एक डुगडुगती. ती नेहमी माझ्या वाट्याला, कारण मी सगळ्यांत धाकटी, गास गावाहून सायकल दामटत सगळ्यांत उशिरा पोचणारी. मोठ्या बाई म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेस. कुमुदबाई निर्मळच्याच, सासरची केळीची वाडी. रेजिनामावशी शाळेतली शिपाई, पाचूबंदरची. नवऱ्याची होडी होती. आणि सिसिलियाबाई, जिच्यामुळे हे सगळं सुरू झालं.

जूनमध्ये सिसिलियाबाईच्या नवऱ्याच्या कंपनीला टाळं लागलं. त्याच आठवड्यात तिची ग्लॅडिस दहावी पास झाली, तीसुद्धा फर्स्ट क्लासमध्ये. दीर म्हणाला, पोरीला बल्बच्या कारखान्यात पॅकिंगला लावू. सिसिलियाबाईने दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये पर्स टेबलावर आपटली.

"ग्लॅडिस कॉलेजात जाणार. घर माझ्या एका पगारात चालणार. आणि कुणाकडून पाच पैसे घेणार नाही. आत्ताच सांगून ठेवते, नंतर कुणी प्रेमाने डबा पुढे करायचा नाही!"

कुमुदबाईचा डबा अर्धा पुढे आला होता. तो तसाच मागे गेला.

*

मोठ्या बाई धोरणी. पुढच्याच शनिवारी त्यांनी जाहीर केलं, "महागाईने सगळ्यांचीच कंबर मोडलीय. आपण सगळ्याच काटकसर करू. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी प्रत्येकीने आपली एक युक्ती सांगायची. जिला जास्त मतं, तिला बक्षीस. वनस्पती तुपाचा दोन किलोचा डबा!"

सिसिलियाबाई वर्गावर गेली, तशा मोठ्या बाई आम्हाला व्हरांड्यात घेऊन गेल्या. हळूच म्हणाल्या, "मत सिसिलियालाच द्यायचं. डबा आपण चौघींनी मिळून आणायचा. तोंडातून ब्र काढायचा नाही."

रेजिनामावशी म्हणाली, "बाई, मी कोनाला सांगनार? मला कोन इचारतो?"

पण खरं सांगते, पहिल्या महिन्यात लबाडी करायची गरजच पडली नाही. सिसिलियाबाईने पेटी काढली. लाकडी खोकं, त्यात भाताचा पेंढा गच्च भरलेला, मधे पातेल्यापुरता खळगा. भाताला दोन उकळ्या आणायच्या, झाकण घट्ट लावायचं, पातेलं पेंढ्यात ठेवून वर गोणपाट टाकायचं. तासाभरात भात तयार, आणि स्टोव्ह कधीच बंद! रॉकेलसाठी रेशनच्या दुकानापुढे उभं राहिलेल्यांनाच त्याची किंमत कळेल.

मी घरी जाऊन दुसऱ्या दिवशीच पेटी केली. तासाने भात काढला तर तांदूळ दातांत कचकच. सिसिलियाबाईने विचारलं, "मधे उघडून बघितलं होतंस?"

"फक्त पाच-सहा वेळा."

"अगं, भाताला जरा एकटं सोड ना!"

रागावून मी पेटी मागच्या पडवीत टाकली. आठवड्याने सासूबाई हसत आत आल्या, पदरात तीन अंडी. आमची कोंबडी त्या पेंढ्यात बसायला लागली होती. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, तुझ्या पेटीला भाताचं जमत नाही, पण अंड्याचं छान जमतंय. राहू दे!"

*

कुमुदबाईची युक्ती मात्र खरोखरच सरस होती. आजही सांगते, त्या महिन्याचा डबा तिलाच मिळायला हवा होता.

तिचं म्हणणं, "आपल्या घरी जे जास्त होतं ते आपण मातीमोल भावाने विकतो, आणि जे नाही ते महाग विकत घेतो. आपल्या आपल्यातच बदलूया ना!" दर मंगळवारी अदलाबदल ठरली. कुमुदबाई कच्ची केळी आणि भाजी आणायची, मी घरचे वाल आणि तांदूळ, सिसिलियाबाई शेवग्याच्या शेंगा आणि नारळ. रेजिनामावशी बंदरावरचा लिलाव संपता संपता उरलेली मासळी आणायची. महिनाभर बाजाराची पायरी चढावी लागली नाही.

आणि नेमक्या मंगळवारीच इन्स्पेक्शन! साहेब स्टाफरूममध्ये शिरले तेव्हा मावशीची टोपली टेबलाखाली होती आणि टोपलीपाशी शाळेचं मांजर. साहेबांनी नाक वर केलं.

"हा कसला वास?"

मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. "परिसर अभ्यास, साहेब. स्थानिक उत्पादनं. मुलींना प्रत्यक्ष दाखवतो."

साहेबांनी वाकून टोपली पाहिली. केळ्यांचा घड पाहिला, शेंगा पाहिल्या. शेऱ्याच्या वहीत 'उपक्रम स्तुत्य' असं लिहिलं. जाताना जरा थांबून त्यांनी विचारलं, "हा तास... दर मंगळवारी असतो का?"

महिन्याच्या शेवटी सिसिलियाबाईने युक्ती सांगितली, की जुन्या शर्टाची कॉलर उसवून उलटी लावायची. बस्स, एवढीच! आणि तिला चारपैकी चार मतं पडली. स्वतःच्याच युक्तीच्या विरोधात हात वर करताना कुमुदबाईचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता. सायकल काढताना मला म्हणाली, "कॉलर! कॉलरला हरले मी!"

*

आमच्या ह्यांनाही जोर चढला. सिगारेट सोडणं जमेना, म्हणून ब्लेडने प्रत्येक सिगारेटचे दोन तुकडे करायला लागले. पाकीट दुप्पट दिवस पुरेल असा हिशेब.

पुरलं निम्मे दिवस! एरवी पूर्ण सिगारेट मागायला लाजणारे ऑफिसातले लोक आता बिनदिक्कत हात पुढे करायचे, "अर्धीच तर आहे!" आणि ह्यांचंही तसंच. अर्धीच तर आहे म्हणून आणखी एक.

शेवटी सासूबाईंनी निकाल दिला, "अर्धी ओढतो आणि दुप्पट खोकतो! ह्यापेक्षा खोकल्याचं औषध अर्धं कर." ह्यांनी लाजून सिगारेट सोडलीच. आमच्या घरातली ती सगळ्यांत मोठी बचत, पण युक्ती सासूबाईंची, म्हणून मला ती स्पर्धेत धरता आली नाही.

*

तिसऱ्या महिन्यात सिसिलियाबाई म्हणाली, "युक्ती तोंडाने सांगायची नाही, खायला घालायची आहे. घरी चला."

बोंबलाचं कालवण होतं. वाटलेला नारळ, मिरची, आमसूल, कच्चा कांदा, सगळं पातेल्यातच कालवलेलं आणि मग चुलीवर चढवलेलं. तेलाचा थेंब नाही, फोडणी नाही. आणि चव अशी की मोठ्या बाईंनी दोनदा भात घेतला.

कुमुदबाईची कॉलरची जखम ओली होती. ती बोललीच, "दोन डबे जिंकलेत तुम्ही, आणि फोडणीला चमचाभर तूप नाही?"

"तूप आहे की. कालवणाला लागत नाही," सिसिलियाबाई म्हणाली आणि तिच्या पानात आणखी एक बोंबील वाढला.

ग्लॅडिस फिसकन हसली. आईने नुसतं बघितलं, तशी ती पाणी आणायला आत पळाली. तिच्या अंगावर कॉलेजचा नवा ड्रेस होता. नवा म्हणजे आईच्या साडीचा. पोरगी कॉलेजात जात होती आणि त्या घरात कुणाचा चेहरा रडका नव्हता.

*

ऑक्टोबरची स्पर्धा दिवाळीच्या सुट्टीत बुडाली. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी कबरींवर मेणबत्त्या लावतात, त्याच्या दुसऱ्या दिवशी फादरना दफनभूमीत कुणीतरी वाकलेलं दिसलं. सिसिलियाबाई! हातात सुरी, शेजारी पत्र्याचा डबा, आणि फरशांवर ओघळून थिजलेलं मेण खरवडणं चाललेलं.

फादर म्हणाले, "सिसिलिया, अगं हे मृतांसाठी लावलेलं असतं."

"उजेड त्यांना पोचला, फादर. मेण मला राहू दे."

पपईच्या पोकळ देठात वात धरून, वरून मेण ओतून तिने दोन डझन मेणबत्त्या केल्या. लाइट गेली की ग्लॅडिसचा अभ्यास त्यावर. फादरना वाईट वाटलं. पुढच्या रविवारी त्यांनी चर्चमधली उरलेली थोटकं कागदात बांधून तिच्यासाठी ठेवली. बाईने काय करावं? आधी वेदीवरची सगळी पितळी भांडी घासून लखलखीत केली आणि मगच पुडकं उचललं!

फादर मोठ्या बाईंना म्हणाले, "ह्या बाईला फुकट काही देता येईल तर शपथ!"

आम्ही चौघी एकमेकींकडे बघून गालातल्या गालात हसलो. चौथा डबा त्याच महिन्यात तिच्या घरी गेला होता.

*

डिसेंबरची स्पर्धा नाताळच्या सुट्टीत गेली आणि जानेवारीत कंपनी उघडली. नवरा कामावर गेला, ग्लॅडिस वर्गात पहिली आली, आणि आमची स्पर्धा आपोआप बंद पडली. मंगळवारची अदलाबदल तेवढी चालू राहिली.

होळीच्या सुमाराला रेजिनामावशी एका मंगळवारी रिकाम्या हाताने आली. कुमुदबाईने तिच्यापुढे भाजी ठेवली, तर तिने ती मागे सारली. "आज नको बाय. मासली नाय आनली, तर भाजी कशी नेऊ?"

पुढच्या मंगळवारीही तेच. मग मला बाहेरून कळलं, की किल्ल्याजवळच्या खडकावर होडी आपटून तळाच्या फळ्या फुटल्या होत्या. दोन महिने तरी होडी पाण्यात जाणार नव्हती. मावशीने आमच्यापाशी अवाक्षर काढलं नव्हतं. मोठ्या बाईंनी थोडे पैसे देऊ केले, तर म्हणाली, "कोनाचं फुकट घेनार नाय बाई. पानी पिऊन राहू."

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मावशी चहा टाकायला गेली. सिसिलियाबाईने दोन जड पिशव्या टेबलावर ठेवल्या आणि त्यातून एकेक करत वनस्पती तुपाचे चार डबे बाहेर काढले. चारही बंद. एकाचंही झाकण उचकटलेलं नव्हतं.

आम्ही तिघी डब्यांकडे बघत बसलो. कुमुदबाईने एक डबा हातात घेऊन उलटा-सुलटा केला आणि खाली ठेवला. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"काटकसरीची स्पर्धा आजपासून परत सुरू," सिसिलियाबाई म्हणाली. "बक्षिसं माझ्याकडे आहेत."

मग तिने दाराकडे बघितलं. आत कपबश्या वाजत होत्या.

"मावशीचा चहा होतोय, तोवर जरा व्हरांड्यात या. मत कुणाला द्यायचं, ते सांगते."