सेंट लुईस कितव्या नंबरावर

अमेरिकेतलं कुठलं शहर किती मोठं, हे आमच्या नॉटिंगहॅमच्या बैठकीच्या खोलीत ठरतं. ठरवणारे म्हणजे माझा नवरा आणि त्याचे मित्र. सगळे डॉक्टर, नाहीतर बँकेतले. न्यूयॉर्क पहिलं, त्यावर वाद नाही. तिथला शेअरबाजार पडला की यांच्या पेन्शनींना घाम फुटतो. वॉशिंग्टनला सत्ता आहे, पण राहायला नको. ह्यूस्टन तेलामुळे वर, अटलांटा म्हणजे नुसता विमानतळ. कॅलिफोर्नियातल्या बे एरियाचं नाव निघालं की सगळे सावरून बसतात, कारण प्रत्येकाचं कोणी ना कोणी तिथे असतं. बाकीच्या अमेरिकेत बहुधा माणसं राहत नाहीत.

त्या रविवारी मी मिसळ केली होती. आमच्या इथल्या मराठी मंडळातली रीतच आहे: कोणाचं मूल अमेरिकेला निघालं की सगळ्यांना जेवायला बोलवायचं, आणि प्रत्येकाने आपापली तिथली माणसं सांगायची. मूल उतरेल तिथे कोणीतरी घ्यायला आलेलं असावं, एवढाच हेतू. या वेळी आमची मुलगी निघाली होती, सेंट लुईसला. मिसिसिपीचं पाणी कधी चढेल, किती चढेल, हे आधी सांगणाऱ्या लोकांत तिला काम मिळालं होतं. लहान असताना इथल्या ट्रेंट नदीला पूर आला की ती रेनकोट घालून पुलावर उभी राहायची, हलायची नाही. हेच काम तिला हवं होतं.

"मग, लेक कुठे चालली?" लंडनच्या स्टॅनमोरहून आलेल्या गृहस्थांनी विचारलं. बँकेतून निवृत्त झालेले, मुलगा मॅनहॅटनला.

"शिकागो साइडला," माझा नवरा म्हणाला.

मी रश्शाचा डाव हातात धरून उभी होते. शिकागोहून सेंट लुईस म्हणजे गाडीने निम्मा दिवस. पुण्यात राहून कोणी मुंबई साइडला म्हणत नाही, आणि हे अंतर तर त्याच्या कितीतरी पुढचं. पण ते गृहस्थ मनापासून खूश झाले. त्यांची बहीण शिकागोलाच. त्यांनी तिथल्या तिथे तिला फोन लावला. बहीण म्हणाली, बापलेक दोघंही या, आमच्याकडेच उतरा.

"येतो की," नवरा म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलगी कित्येक आठवडे त्याच्या मागे लागली होती, बाबा, तू चल ना, आपण घर बघू, मी तुला नदी दाखवते. हा म्हणत होता, रजा नाही. शिकागोसाठी एका फोनवर रजा निघाली.

मी त्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटलं.

"खोटं कशाला बोललास?"

"खोटं काय त्यात? सेंट लुईस म्हटलं की पुढे बोलायला काही राहतच नाही. त्यांचा मुलगा मॅनहॅटनला आहे."

"त्या नदीतून धान्याचे बार्ज जातात, जगभर. पाणी आटलं किंवा चढलं की ते अडकतात. मग बघ मॅनहॅटनला पाव कसा मिळतो ते."

"टेक्निकली बरोबर आहे गं तुझं. पण लोकांचं परसेप्शन..."

हा तोच माणूस. पुण्यातले नातेवाईक "लंडनला असतात हे" म्हणाले की याचा चेहरा पडतो. "मी लंडनला नाही, नॉटिंगहॅमला कन्सल्टंट आहे," असं भर लग्नात, जेवणाच्या पंगतीत यानं लोकांना ऐकवलंय. स्वतःच्या गावाचं नाव लोकांनी नेमकं घ्यायला पाहिजे. मुलीचं मात्र शेजारच्या मोठ्या गावात ढकलून द्यायचं.

दार उघडलं. मुलगी रिकामे बाउल घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाबा, तू शिकागोपर्यंत येणार? अँड देन?"

"पुढे थेट ट्रेन आहे, बेटा. मी चेक केलंय."

"ओके," ती म्हणाली, आणि बाउल डिशवॉशरमध्ये लावायला लागली. तिने ते आपटले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी येते म्हटलं, तर ती नको म्हणाली. शिकागोच्या पुढे आता कोणीच नको होतं तिला. बापलेक गेले. तीन दिवसांनी मंडळाच्या ग्रुपवर फोटो आला: मागे उंच इमारती, पुढे हा, नवीन जॅकेट घालून. खाली लिहिलं होतं, लेकीला सोडायला आलोय. अंगठे वर करणाऱ्यांची रांग लागली. लेक फोटोत नव्हती. ती तेव्हा ट्रेनमध्ये बसली होती.

तिचा फोन आला तेव्हा मी कामावरून नुकतीच घरी पोचले होते.

"आई, माझा टीम लीड स्टेशनवर घ्यायला आला होता. त्याची वाइफ पण. पहिला वीक त्यांच्याकडेच राहणार मी. त्यांनी बाबासाठी पण रूम रेडी केला होता. मी आधी सांगितला होता ना, बाबा येणार म्हणून. बेडवर टॉवेल पण ठेवला होता."

"मग काय सांगितलंस?"

"सांगितला, बाबाला रजा नाही मिळाला. तू त्याला सांगू नको हां. त्याला वाईट वाटेल."

मी तिला शब्द दिला नाही. चार दिवसांनी तो परत आला, आणि त्याने अंगातलं जॅकेट काढायच्या आधी मी त्याला त्या टॉवेलाचं सांगितलं.