वाढत्या मापाची बंदूक

बायकोसाठी बंदूक निवडायची होती आणि ती मी माझ्या खांद्याला लावून निवडली.

एवढ्या एका वाक्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण गाढवपणा नुसता कबूल करून पुण्याच्या माणसाचं भागत नाही. तो आपण किती शास्त्रशुद्ध पद्धतीने केला, हेही सांगावं लागतं.

आधी एक खुलासा. आमच्या घरात नेमबाज ती आहे, मी नाही. जर्मनीत लुडविग्सहाफेनला ती केमिस्ट, आणि मी पंप-कॉम्प्रेसरच्या थरथराटाचा इंजिनिअर. कुठलं यंत्र नको तेवढं हादरायला लागलं की मला बोलावतात. मी जाऊन त्याच्यावर हात ठेवतो, गंभीर चेहरा करतो आणि मग आकडेमोड करतो. बायको कोल्हापूरची. कॉलेजात असताना एनसीसीत रायफल चालवलेली. इथे आल्यावर लॅबमधल्या एका मैत्रिणीने तिला गावाबाहेरच्या नेमबाजीच्या क्लबात नेलं, आणि ती तिथलीच झाली. इकडे बंदूक म्हणजे दुकानात गेलो नि घेऊन आलो असं नसतं. आधी नेमाने सराव, मग परीक्षा, मग परवाना. हे सगळं तिने जर्मनमधून केलं, आणि वर क्लबच्या टीममध्ये जागा मिळवली. मी तिकडे बॅग उचलायला आणि चिवड्याचा डबा सांभाळायला जातो.

खेळ सांगायला सोपा आहे. समोरच्या खंदकातल्या यंत्रातून बशीएवढी केशरी तबकडी सुसाट उडते. नेमबाज ‘पुल’ म्हणतो, तबकडी सुटते, आणि ती जमिनीवर पडायच्या आत छर्‍यांनी फोडायची. एका फेरीत पंचवीस तबकड्या. फुटली की केशरी धूर होतो. माझ्या बायकोचा धूर बघत राहावा असा असतो. हे मी नवरा म्हणून सांगत नाही, थरथराटाचा तज्ज्ञ म्हणून सांगतो. बंदूक उचलताना त्या बाईत काही म्हणजे काहीही हलत नाही.

मागच्या हिवाळ्यात मात्र तिचा उजवा खांदा धरला. फ्रोझन शोल्डर. केस विंचरता येईनात, वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढता येईना. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी व्यायाम दिला: भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची. जिथवर हात पोचेल तिथे पेन्सिलने खूण. लहान मुलांची उंची दारावर मोजतात ना, तशा आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर खुणा चढायला लागल्या. घर भाड्याचं. “सोडताना भिंत रंगवून द्यावी लागेल,” असं मी एकदा म्हणालो. तिने माझ्याकडे जे पाहिलं, त्यानंतर तो विषय निघाला नाही.

थंडी सरता सरता खुणा डोक्याच्या वर गेल्या. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन आठवड्यांनी नेम धरायला हरकत नाही, फक्त बंदूक खांद्याला कमी धक्का देणारी हवी. तिची जुनी दुनळी म्हणजे रेड्याची लाथ. तेव्हा सेमी-ऑटोमॅटिक घ्यायची असं ठरलं. त्या बंदुकीत काडतुसाचा थोडा वायू पुढचं काडतूस भरायच्या कामाला लागतो, त्यामुळे धक्का एकदम न बसता पसरून बसतो. हे तिला मी समजावून सांगितलं. तिला ते माहीत होतं, पण माझं सांगून व्हायचं होतं.

टीममधल्या तिच्या जागेचा प्रश्न क्लबच्या ट्रेनरच्या हातात होता. सत्तरी ओलांडलेला, इथल्याच फाल्त्स भागातला खमक्या म्हातारा. प्रेमळ आहे, पण प्रेम दाखवत नाही. सेमी-ऑटोमॅटिकचा त्याला मनापासून राग. “दुनळी बिजागरीत मोडून हातावर टाकली की ती रिकामी आहे हे सगळ्या जगाला दिसतं. तुझ्या त्या ऑटोमॅटमध्ये काय आहे ते देवाला ठाऊक.” तरी त्याने सांगितलं, “स्पर्धेआधीच्या रविवारपर्यंत तुझी जागा ठेवतो. त्या दिवशी एक अख्खी फेरी मध्ये न थांबता मारून दाखव. नाहीतर दुसरीला देतो. आल्झो, तर मग, रविवारी.”

त्या दिवसापासून ती भिंतीसमोर जास्त वेळ उभी राहायला लागली.

तेवढ्यात क्लबात एक बंदूकविक्रेता तीन-चार बंदुका घेऊन येणार असं कळलं. ज्याला हवी त्याने मारून बघायची. अडचण एकच, डॉक्टरांनी दिलेली तारीख अजून पुढे होती. आणि इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला.

“तू नको येऊस,” मी म्हणालो. “खांदा नवीनच सुटलाय. मी सगळ्या मारून बघतो. सगळ्यात मऊ कुठली ते मी सांगतो. हा माझा धंदा आहे.”

“तू मारणार?”

“ट्रेनर शेजारी उभा असतो. मारता येते कुणालाही.”

“कुणालाही येते,” ती म्हणाली, “ते बघितलंय मी.” पण तिला त्या दिवशी फिजिओथेरपी होती, म्हणून मी सुटलो.

मी पद्धतशीर गेलो. फोन खिशात उभा अडकवला, त्यात थरथराट मोजायचं ॲप. प्रत्येक बंदुकीचं वजन टिपलं. मग एकेक बंदूक खांद्याला लावून झाडली. तबकडी एकही फुटली नाही, पण मी काही तबकड्या फोडायला गेलो नव्हतो. ट्रेनर मागे उभा राहून आमच्या डब्यातला कॉर्नफ्लेक्सचा चिवडा चमच्याने खात होता. मध्ये एकदा त्याने विचारलं, “तो फोन काय करतोय?”

“धक्का मोजतोय.”

“आणि खांदा काय करतोय?”

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. निकाल स्पष्ट होता. सगळ्यात जड बंदूक सगळ्यात मऊ. वजन जास्त, धक्का कमी. शाळेतल्या मुलालाही कळेल असं गणित. खांद्याला उशी लावल्यासारखं वाटत होतं. ही बाजूला ठेवा, असं विक्रेत्याला मी सांगून टाकलं.

विक्रेता सज्जन होता. त्याने विचारलं, “बंदूक तुमच्यासाठी?”

“बायकोसाठी. परवाना तिचा आहे.”

“तिची उंची किती?”

मी माझ्या छातीपाशी हात धरून दाखवला. त्याने बंदुकीच्या दस्त्याकडे, खांद्याला टेकतात त्या मागच्या भागाकडे, पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “दस्ता तिला लांब होईल. या मॉडेलमध्ये आखूड येत नाही.”

आणि मग माझ्या तोंडून जे वाक्य बाहेर पडलं ते माझं नव्हतंच. ते माझ्या आईचं होतं, तिच्या आईचं होतं, शाळेचा गणवेश घ्यायला दुकानात गेलेल्या तमाम मराठी आयांचं होतं. मी म्हणालो, “थोडी मोठीच असू दे.”

माझं सगळं बालपण वाढत्या मापात गेलं. बाह्या दुमडलेल्या, बुटाच्या टोकात कापूस. त्यामुळे मोठं माप घेणं हा मला आजही शहाणपणाच वाटतो. ज्या बाईसाठी घेत होतो, तिचं वाढायचं कधीच संपलं होतं, ही बारीकशी गोष्ट लक्षात आली नाही.

डॉक्टरांची तारीख उजाडली. विक्रेता ती बंदूक घेऊन क्लबात आला, आणि मी बघण्याच्या कार्यक्रमात मुलगी दाखवावी तशी ती बायकोपुढे धरली. तिने बंदूक खांद्याला लावली. म्हणजे लावायचा प्रयत्न केला. दस्ता काखेत अडकला. मग हात लांब करून, मान पुढे काढून कशीबशी लावली. मी अजून हसतमुख होतो.

पहिल्या काही तबकड्या फुटल्या. मी ट्रेनरकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मग एक सुटली. मग लागोपाठ सुटायला लागल्या. नळीचं टोक दर वेळी थोडं खाली राहत होतं. फेरी अर्ध्यावरही आली नसेल, तिने बंदूक रिकामी केली आणि माघारी फिरली. उजवा हात थरथरत होता. आयुष्यभर ज्यावर पोट भरलं तो थरथराट, आणि त्याला कारण मी.

“धक्का लागतोय का?” मी विचारलं. मला खरंच तेवढंच सुचलं.

“धक्का?” ती म्हणाली. “धक्का नाहीच आहे. गादीसारखी आहे. पण मला ती उचलताच येत नाही.” मग जरा थांबून, “माझा खांदा धक्क्याने नव्हता रे धरला. वर जात नव्हता. सगळा हिवाळा मी भिंतीवर काय करत होते असं वाटलं तुला?”

एवढी आकडेमोड केली आणि मोजायच्या गोष्टीतच चुकलो. पंपाच्या बाबतीत असं केलं असतं तर कंपनीने दारातून परत पाठवलं असतं.

रविवार एका आठवड्यावर आला होता. बंदुका ठेवायच्या टेबलाशी ट्रेनर मला हळूच म्हणाला, “पुढच्या वर्षीही टीम असते.” बायकोने ते ऐकलं. तिने विक्रेत्याला विचारलं, “गाडीत आणखी काय आहे?”

आणि मग मला बाकावर बसवण्यात आलं. माझा फोन काढून पर्समध्ये ठेवण्यात आला. हे मी कर्मणी प्रयोगात सांगतोय, कारण माझ्या बाजूने कुठलीही क्रिया घडली नाही.

तिची निवडायची पद्धत अशी. बंदूक रिकामी असल्याची खात्री करायची. दूरच्या झाडाच्या शेंड्याकडे बघायचं. डोळे मिटायचे. बंदूक सहज उचलून खांद्याला लावायची, मग डोळे उघडायचे. नेम त्या शेंड्यावर असला तर बंदूक आपली. हात-मान हलवून जुळवावा लागला तर दुसर्‍याची. एकेक करत तिने बघितल्या. शेवटी मी पहिल्या दिवशी नापास केलेली एक हलकी, आखूड दस्त्याची सेमी-ऑटोमॅटिक घेतली, डोळे मिटले, उघडले, आणि तिच्या चेहर्‍यावर हिवाळ्यानंतर पहिल्यांदा ते तेज आलं, जे मी कोल्हापूरच्या एनसीसीच्या फोटोत पाहिलं होतं.

“पण हिचा धक्का सगळ्यात जास्त आहे,” मी बाकावरून म्हणालो. “माझ्याकडे आकडे आहेत.”

“तुझ्या खांद्याचे,” ती म्हणाली.

ट्रेनरने नाक मुरडलं. ऑटोमॅट तो ऑटोमॅट. तिने त्याच्या समोर बंदुकीचं काडतुसाचं झाकण मागे ओढून उघडं ठेवलं, आत रिकामी असल्याची खूण म्हणून लाल पट्टी खोचली, नळी आभाळाकडे केली आणि विचारलं, “आता दिसतंय सगळ्या जगाला?” त्याने वाकून पाहिलं. “गेनाऊ,” म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर. त्याच्या तोंडून हा शब्द निघणं म्हणजे आपल्याकडे शाल आणि श्रीफळ.

रविवारी ऊन होतं आणि वारा वाईट होता. तबकड्या मध्येच उचलल्या जात होत्या. मी तिच्या उजव्या हाताला, मागे, ठरवून दिलेल्या जागी डबा घेऊन उभा होतो. तिने कानाला संरक्षक लावले, पाय रोवले, ‘पुल’ म्हणाली, आणि पहिली तबकडी केशरी धूर झाली.

पुढचं मी नीट मोजलं नाही. मोजण्यावरचा माझा विश्वास थोडा उडाला होता. काही सुटल्या. मध्ये दोन लागोपाठ सुटल्या तेव्हा तिने बंदूक खाली घेतली, आणि मी डबा घट्ट धरला. पण तिने फक्त श्वास घेतला, आणि पुन्हा उचलली. प्रत्येक वेळी हात त्याच वाटेने वर जात होता. ती वाट मला पाठ होती. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलने काढलेली होती. आणि कशात काहीही हलत नव्हतं. मी व्यवसायाने सांगतो.

एकच घोळ झाला. सेमी-ऑटोमॅटिकचं रिकामं काडतूस उजवीकडे उडतं. मला हे माहीत होतं. तिच्या हाताकडे बघता बघता मी ठरवून दिलेली जागा सोडून केव्हा पुढे सरकलो ते कळलं नाही, आणि एक गरम काडतूस थेट चिवड्यात येऊन पडलं. मी हललो नाही. तिचं लक्ष जाऊ नये म्हणून डबा तसाच धरून उभा राहिलो. तिच्या टीमसाठी मी केलेला एवढाच त्याग.

शेवटची तबकडी फुटली. ती न थांबता पंचवीसही मारून परत आली. ट्रेनरने डब्यातलं काडतूस चिमटीत धरून बाहेर काढलं, चिवड्याचा एक चमचा तोंडात टाकला, चावत चावत टीमच्या कागदाकडे गेला आणि तिचं नाव जिथे होतं तिथेच राहू दिलं. माझी छाती एवढी फुगली की त्या क्षणी मला लांब दस्त्याची बंदूकही आखूड पडली असती.

संध्याकाळी कोल्हापूरला व्हिडिओ कॉल लावला. सासरे निवृत्त पीटीचे मास्तर. एनसीसीत तिला पहिल्यांदा त्यांनीच घातलं. बातमी ऐकून त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, “खांदा वर जातोय न्हवं पूर्ण?” तिने हात सरळ छताकडे उचलून दाखवला. ते बघत राहिले. मीही बघत राहिलो.

मग तिने, कारण नसताना, बंदूक कशी निवडली गेली ती सगळी हकीकत त्यांना सांगितली. फोनचं ॲप, ‘थोडी मोठीच असू दे’, सगळं. सासर्‍यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कॅमेर्‍याच्या अगदी जवळ आले.

“जावईबापू,” ते म्हणाले, “दिवाळीत इकडं आला की तिला चपला घ्यायला जाशीला. तवा पाय तेवढा तिचा घालून बघा.”