न पाहिलेल्या तीन सकाळी

सासूबाईंच्या उशीत कापूस अर्धाच भरून झाला होता, तेव्हा तिच्या लक्षात आलं की मघापासून कापूस उडायचा थांबलाय. सकाळपासून उत्तरेचा वारा असा होता की प्रत्येक पुंजका बोटांनी दाबून धरावा लागत होता. आता पुंजका मांडीवर ठेवला तरी जागचा हलत नव्हता. तिने मान वर केली. तीन दिवसांचे ढग पांगले होते आणि आभाळ घासून उपडं घातलेल्या पातेल्यासारखं लख्ख निघालं होतं.

दुसऱ्या कुणाला ते पाहून बरं वाटलं असतं. तिला नाही वाटलं.

दीर तिला गमतीने ‘वेधशाळा’ म्हणे. लग्न होऊन या घरात आली त्या वर्षी तिने एक वही सुरू केली होती. सकाळची प्रार्थना झाली की आज देवाने काय दिलं, ते एका ओळीत लिहायचं. पण चूल, गुरं आणि माणसांचं दुखणंखुपणं यांत रोज नवं काय सापडणार? काही सुचलं नाही की ती ‘आज ऊन दिलं’ लिही, नाहीतर ‘आज धुकं दिलं’ लिही. असं करता करता एकोणीस वर्षांच्या वह्या हवापाण्यानेच भरून गेल्या. पहिला बेडूक कधी ओरडला, शेपटी हलवणारे धोबी पक्षी कुंपणावरून कधी नाहीसे झाले, तळ्यावरची बदकं कुठल्या दिवशी उत्तरेला गेली, सगळं त्यांत होतं.

दिराची रोपवाटिका या वह्यांवर चाले. टोमॅटोच्या रोपांचे सात वाफे थंडीभर प्लास्टिकखाली असत. ते प्लास्टिक कधी काढायचं याचा घरातला नियम ठरलेला होता. रोज संध्याकाळी ती आवाराच्या भिंतीवर पाण्याची थाळी ठेवी आणि उजाडायच्या आत त्यात बोट बुडवून पाही. वर बर्फाची पापडी धरली नसेल तर वहीत लिही, ‘पाणी मोकळं.’ ओळीने पाच सकाळी पाणी मोकळं आलं की दीर वही बघून प्लास्टिक काढी. लवकर काढलं तर रोपं करपत, उशिरा काढलं तर नाजूकच राहून शेतात माना टाकत.

या वर्षी पाचांतल्या मधल्या तीन सकाळी ती थाळीकडे गेलीच नव्हती. सासूबाईंचा खोकला थांबत नव्हता. नवरा मालगाडीवर कामाला, महिन्यातून दोनदा घरी येणारा. सासूबाईंना बसतं करायचं, पाठ चोळायची, सगळं हिनेच. पहाटे त्यांचा डोळा लागला की हिचाही भिंतीला टेकल्या टेकल्या लागे. जाग येई तोवर ऊन थाळीपर्यंत पोचलेलं असे, आणि उन्हातलं पाणी काय सांगणार? तिन्ही दिवस तिने ‘पाणी मोकळं’ लिहून टाकलं. खोटं लिहावं असं मनात नव्हतं. ओळ कोरी ठेवायची सवय नव्हती, इतकंच.

दिराने पाच मोजले, परवा प्लास्टिक काढलं आणि कच्च्या विटांवर घालायला वीटभट्टीवाल्याला देऊनही टाकलं. ढग होते म्हणून दोन रात्री निभावल्या. आज ढग नव्हते, वारा पडला होता, म्हणजे रात्री पाणी गोठणार; आणि काल उत्तरेला गेलेली बदकं सकाळी परत येऊन तळ्यात बसली होती.

“उशी झाली का गं?” आतून सासूबाईंनी विचारलं.

“होतेय, आई.”

“माझी मान इथे लोंबकळतेय आणि ही आभाळात बघत बसलीय. त्याला पांघरूण शिवणार आहेस का?”

“जमलं असतं तर तेच केलं असतं,” ती म्हणाली आणि उठून वाफ्यांकडे गेली.

दीर झारीने पाणी घालत होता.

“भाऊजी, आज प्लास्टिक परत घाला.”

“का? वही तर पाच सांगते.”

“बदकं परत आलीत.”

“काहीतरी विसरलं असेल त्यांचं.” त्याने झारी पुढच्या रोपावर नेली. “पाच म्हणजे पाच, वहिनी. नियम तुमचाच. आणि परवा रोपं न्यायला गाडी येतेय. परत झाकली तर त्यांना उन्हावाऱ्याची सवय कधी लागायची?”

तिला वाटलं, स्वप्न पडलं म्हणून सांगावं. दीर स्वप्नाला मान देणारा माणूस होता. पण तीन खोटी आधीच झाली होती, चौथं वागवायचं बळ तिच्यात नव्हतं.

“पाच नाहीत ते. दोनच आहेत. मधल्या तीन सकाळी मी गेलेच नाही. झोप लागली होती.”

झारीचं पाणी एकाच रोपावर पडत राहिलं.

“मग गोठलं होतं की नव्हतं?”

“ठाऊक नाही. मोकळं असेलही.”

“रोज तासभर देवापुढे बसता. त्याला चाललं हे?”

“त्याला सांगितलं होतं. तुम्हाला सांगायचं राहिलं.”

तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. “एकोणीस वर्षं मी आभाळाकडे बघितलं नाही,” तो म्हणाला. “वहीकडे बघत आलो.”

“मलाही कधीतरी झोप लागते, भाऊजी.” त्यात तक्रार नव्हती. त्याला माहीत नसेल म्हणून सांगावं, तसं तिने सांगितलं.

त्याने एकेक वाफा मोजला. मग म्हणाला, “घरात पोती किती?”

“अकरा. आणि जुन्या चादरी.”

“तीन वाफे झाकतील. चार उघडेच.” त्याने झारी ठेवली. “आणि भट्टीवाल्याकडे मी जाणार नाही. ‘ठेव महिनाभर’ म्हणून मोठ्या तोऱ्यात देऊन आलोय.”

“मी जाते. काय झालं तेही मीच सांगते.”

“त्याला सांगाल तर संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळेल.”

“कळू दे.”

तो पोती आणायला कोठीकडे वळला. जाता जाता, तिच्याकडे न बघताच म्हणाला, “आईजवळ मी बसतो तोवर.”

तिने पायात चपला सरकवल्या. भट्टी तळ्यापलीकडे, चालत अर्ध्या तासावर होती आणि गुडघे सकाळपासूनच बोलत होते. ऊन उतरायच्या आत वीटभट्टीवाल्याकडून प्लास्टिक परत आणायला ती निघाली.