नाकातलं शिसं

खैरनार सर दुपारी झोपत नाहीत. जेवण झालं की बाल्कनीतल्या आरामखुर्चीत बसतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि "जरा विचार करतो" असं घरात सांगतात. हा विचार साधारण अडीचला सुरू होतो आणि चारच्या चहापर्यंत चालतो. मध्येमध्ये विचाराचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत जातो. नलिनीबाईंनी तो इतकी वर्षं ऐकलाय की थांबला तरच त्या बघायला येतात.

आज मात्र सरांना खरोखरच विचार करायचा आहे. मांडीवर जुना पंचा आहे आणि पंचावर एक विमान. कॅनबेरा, आपल्या हवाई दलात एकेकाळी असलेलं दोन इंजिनांचं बॉम्बफेकी. खऱ्याहून बहात्तर पट लहान, म्हणजे वीतभराहून थोडं लांब. प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटून आलेल्या भागांचं किट आणायचं, भाग कापून सुटे करायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे आणि खऱ्यासारखे मळवायचे, हा उद्योग सर आणि त्यांचे पाच-सहा मित्र नाशकात तीस वर्षं करत आलेत. घरोघरी याला खेळणी म्हणतात. मंडळी मॉडेल म्हणतात, आणि खेळणी म्हणणाऱ्याच्या घरी पुन्हा चहा घेत नाहीत. स्वतःच्या घरी घ्यावा लागतो, तो घेतात.

विमान सुंदर झालंय. फक्त ते शेपटावर बसतं. तीन चाकांवर उभं केलं की क्षणभर विचार करतं आणि नाक वर करून मागे कलंडतं, जेवून सुस्तावलेल्या पाहुण्यासारखं. खऱ्या विमानाच्या नाकात यंत्रं असतात, मॉडेलचं नाक पोकळ. म्हणून धडाचे दोन भाग चिकटवण्याआधी नाकात शिसं भरायचं असतं. हे पहिलं मॉडेल करणारा शाळकरी पोरगाही एकदाच विसरतो. चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, शहरातल्या निम्म्या हौशी लोकांना हेच शिकवलेले खैरनार सर ते सत्तराव्या वर्षी विसरले.

आणि विमान त्यांचं नव्हतं. ते दुसानेशेठचं होतं.

पद्माकर दुसाने, सराफ बाजारातले सोनार. सोन्याच्या कामाचा हात, त्यामुळे वैमानिकाच्या आसनाचे पट्टे ते पत्र्याच्या कात्रणातून असे कापायचे की बघणाऱ्याने श्वास धरावा. धरला नाही तर पट्टे उडायचे. या कॅनबेराच्या आतल्या दोन आसनांवर त्यांनी चार महिने घालवले होते. ते आजारी होते, तरी मार्चमध्ये एका रविवारी त्यांचा फोन आला. "सर, या ना. नाकात शिसं भरायचं राहिलंय. तुमच्यासमोर बंद करू."

मंडळींचा तो नियमच होता. धड एकट्याने बंद करायचं नाही. दुसऱ्याने आत डोकावून "काही राहिलं?" असं विचारायचं, आपण "नाही" म्हणायचं, मग गोंद.

सर म्हणाले, "पुढच्या रविवारी येतो, शेठ." त्यांच्या स्वतःच्या टेबलावरच्या फियाटचं, मॉडेलचं, दार नीट बसत नव्हतं. शेठ बुधवारी गेले.

तेराव्यानंतर शेठच्या पत्नी शालिनीवहिनींनी खोका आणून दिला. "मला यातलं काही कळत नाही, सर. तुम्ही पुरं करा. शोकेसमध्ये जागा करून ठेवलीय." सरांनी पुरं केलं. कुणाला बोलावलं नाही. त्या फोनबद्दलही कुणाला सांगितलं नाही. एकट्याने बंद केलं, रंगवलं, चाकं लावली, टेबलावर ठेवलं, आणि विमान मागे कलंडलं.

उद्या शाळेच्या हॉलमध्ये मंडळींचं प्रदर्शन. वहिनी येणार, बघणार आणि विमान घरी नेणार. मंडळींतले दातांचे डॉक्टर ढगे म्हणाले, "शेपटाखाली पारदर्शक टेकू लावा की, कुणाला दिसतोय!" दिसत नाही, हे खरं. पण शेठ दुसऱ्यांच्या विमानाखालचा टेकू काढून त्याला दात कोरायची काडी म्हणायचे. चाकाच्या खोबणीतून छर्रे घालायचा प्रयत्न झाला, तर पुढे शेठने इतकी चोख पडदी बसवलेली की एक छर्रा पलीकडे जाईना. उरला एकच उपाय, नाक पुन्हा उघडणं. उघडताना आतले पट्टे, आसनं, चार महिन्यांचं काम गेलं तर गेलं. आज सकाळी सरांनी जोडावर पातं लावलं, पाऊण रेघ कापली, आणि पातं काढून ठेवलं.

आता ऑक्टोबरचं ऊन बाल्कनीच्या जाळीतून चौकोन होऊन फरशीवर पडलंय. सर चौकोन मोजतात. चौदा. पंधरा. सोळाव्या चौकोनाच्या कोपऱ्यात सोळा असा बारीक आकडा आहे, किटमधल्या सुट्या भागांना असतो तसा. सतराव्यावर सतरा. सर सतरावर पाय ठेवतात आणि सराफ बाजारात उतरतात.

बाजार राखाडी आहे. दुकानं, पाट्या, सायकली, गाय, सगळं एकाच राखाडी प्लॅस्टिकचं, अजून रंग न लावलेलं. माणसं कोपराने, नाहीतर टाचेने चौकटीला चिकटलेली आहेत आणि कुणीतरी कापून सुटं करील याची वाट बघताहेत. एका फुलवाल्याला सर नमस्कार करतात. त्याचा हात वेगळ्या चौकटीत आहे, त्यामुळे तो नुसता बघतो.

"चष्मा कपाळावर ठेवून काय शोधताय, सर?"

सगळ्या बाजारात रंग लावलेलं एकच दुकान आहे. पांढऱ्या गादीवर शेठ बसलेत, डोळ्याला भिंग.

"शेठ, तुम्ही?"

"मी म्हणजे? दुकान माझं आहे."

हे सरांना पटतं. शेठ वारलेत, हे त्यांना पक्कं आठवतंय. पण माणसाच्या स्वतःच्या दुकानात त्याला हे कसं सांगायचं? म्हणून ते विचारतात, "तब्येत कशी आहे?" आणि जीभ चावतात.

"आता उत्तम," शेठ म्हणतात. "साखर एकदम नॉर्मल. बसा."

सर बसतात. गादी मागे कलंडते. ती गादी नसतेच, ते आसन असतं, अरुंद, हिरवट-राखाडी, आणि खांद्यावरून पत्र्याचे पट्टे आलेले असतात. शेठ शेजारी तसेच बांधलेले. दोघांचीही पाठ खाली, पाय वर, आणि डोळ्यांसमोर काचेतून नुसतं आकाश. दवाखान्यातल्या खाटेची मान वर केल्यावर माणूस पडतो तसे दोघं पडून आहेत.

"हे काय आहे, शेठ?"

"हे तुमचं काम आहे." शेठ मान न वळवता बोलतात. "सात महिने आकाशाकडे बघतोय. सुरुवातीला बरं वाटलं. एक ढग सारखा दिसायचा. मग कळलं, तो तुमच्या बोटाचा ठसा आहे, काचेवर."

"पुसतो मी."

"राहू द्या. तेवढीच सोबत."

 काचेवरचा ढग सरकत नाही.

"शेठ, त्या रविवारी मी..."

"फियाटचं दार."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तीस वर्षांत तुमचं न येण्याचं दुसरं कारण कधी होतं? बसलं का शेवटी?"

"बसलं."

"फट?"

"नाही."

"मग बरं झालं," शेठ म्हणतात, आणि खरंच समाधानाने म्हणतात. सरांना रडू येतं.

"जरा रागवा तरी, शेठ."

"मी मेलोय, सर. मास्तर नाही झालो."

काचेवर अंधार येतो. ढगाच्या पलीकडे एक प्रचंड डोळा उगवतो, काजळाची बारीक रेघ, चष्म्याची कड. शाळेच्या हॉलचे पंखे त्याच्या मागे दूर फिरताहेत. आवाज घुमत येतो, टाकीतून आल्यासारखा. शालिनीवहिनी कुणाला तरी विचारताहेत, "असं काय हो बसलंय हे? ह्यांना शेवटी शेवटी उठताच येत नव्हतं, तसं?"

"तसंच असतं काही विमानांचं," डॉक्टर ढग्यांचा आवाज म्हणतो. ढगे खोटं बोलतात तेव्हा दात उपटण्याआधी बोलतात त्याच सुरात बोलतात.

डोळा हलत नाही. त्याच्या कडेला पाणी जमतं, आणि सरांना वाटतं, एक थेंब पडला तरी आपण दोघं वाहून जाऊ.

"हे न्यायचं तिने घरी?" शेठ हळूच म्हणतात. "रोज पुसायचं हे? असंच बघत?"

सर पट्टा सोडतात आणि पुढे सरकतात. गुडघे दुखतात, पण सरकतात, पडदीतून पलीकडे, नाकाच्या अगदी टोकाशी. तिथे पोकळ आहे आणि गार आहे. त्यांच्या वजनाने नाक हळूहळू खाली येतं. आकाश वर जातं, आणि पहिल्यांदाच समोर काहीतरी दिसायला लागतं. लांबच लांब धावपट्टी, ऊन, कडेला पिवळं गवत.

"जमलं!" सर ओरडतात. "शेठ, सरळ झालं!"

"झालं खरं." शेठ मागून मान मोडतात. दोन कट आवाज येतात. "तुम्हाला कसं वाटतंय?"

"छान. छान वाटतंय."

"म्हणूनच उठा."

"मी बसतो ना इथेच. माझं बाहेर काय अडलंय?"

"अठ्ठावन्न किलो वजन तुमचं. त्यात सहा किलो चष्मा आणि हट्ट. ती जागा शिशाची आहे, सर. माणसाने तिथे बसू नये. उठा."

"मग मोडावं लागेल."

"मोडा."

"तुमचे पट्टे तुटतील. चार महिने लागले होते तुम्हाला."

"तुटले तर तुटले. मी आता कुठे उडणार आहे?"

सर उठत नाहीत. धावपट्टीच्या टोकाशी कुणीतरी राखाडी रंगाचं, चौकटीतून सुटून, हळूहळू चालत येतंय.

"एक सांगू?" शेठ म्हणतात. "तुम्ही झोपेतसुद्धा शिसं विसरायचे नाहीत. दुसऱ्याची नाकं हलवून बघायचे, प्रदर्शनात, लोकांसमोर. तुम्ही विसरला नाहीत, सर. पुरं झालं असतं तर ते माझ्या घरी गेलं असतं. आत्ता ते तुमच्या टेबलावर आहे."

 ते खरं आहे, हे सरांना कळतं.

"सात महिने पुष्कळ झाले," शेठ म्हणतात. "माझी पाठ गेली. आता तिच्याकडे जाऊ द्या मला."

पाठीमागे पट्टा सोडल्याचा बारीक आवाज होतो. शेठचा हात सरांच्या खांद्यावर येतो. मग ते सरांच्या डोक्यावरून पुढे, पोकळ नाकात डोकावतात, रविवारी डोकावायचे तसे, एक डोळा मिटून.

"काही राहिलं?"

सर तोंड उघडतात. राहिलेलं एवढं आहे की कुठून सुरू करावं कळत नाही. फोन आहे, बुधवार आहे, स्मशानात आपण मागे उभे राहिलो ते आहे. "राहिलं," एवढंच ते म्हणतात.

"मग धरा घट्ट," शेठ म्हणतात. आणि कडकन आवाज होतो.

सर आरामखुर्चीत ताठ बसलेत. ऊन फरशीवरून भिंतीवर चढलंय. दोन्ही हातांनी विमान गच्च धरलेलं, अंगठे नाकाच्या दोन बाजूंना, आणि सकाळी पाऊण कापून सोडलेला जोड शेवटपर्यंत उकललाय. नाक दोन शिंपल्यांसारखं उघडं आहे.

"झाला का विचार?" आतून नलिनीबाई विचारतात. "चहा टाकू?"

"टाक," सर म्हणतात. 

ते चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतात आणि विमान उजेडाकडे धरतात. एक पट्टा तुटलाय. बाकी सगळं शाबूत. उजवीकडच्या आसनाच्या पाठीवर, हिरवट-राखाडी रंगात, काहीतरी रुतून बसलेलं आहे. बंद करताना त्यांना ते दिसलं नव्हतं. तेव्हा नीट दिसत नव्हतंच काही.

केस आहे. आखूड, राठ. सरांच्या डोक्यावर आणि ओठावर आता काहीच उगवत नाही, त्यामुळे आरोपी शोधायला वेळ लागत नाही. टोकाकडे काळा कुळकुळीत, मुळाकडे पांढरा स्वच्छ. शेठ दर पंधरवड्याला मिशीला कलप लावायचे. आजारपण सुरू झालं, तेव्हापासून लावला नव्हता.

रंगात केस म्हणजे अक्षम्य. उपटायचा, पॉलिश पेपरने घासायचं, पुन्हा रंगवायचं. याच गुन्ह्यासाठी शेठने एकदा सरांची अख्खी जीप परत पाठवली होती, वर चिठ्ठी जोडून: न्हाव्याकडून आली काय?

सर चिमटा घेतात. चिमट्याची टोकं केसापर्यंत जातात, त्याच्या दोन्ही बाजूंना थांबतात. 

 मग सर चिमटा रिकामाच खाली ठेवून शिशाची डबी उघडतात.