लॅक्रिमा म्हणजे आसू

डहाणू रोड स्टेशनसमोरच्या औषधाच्या दुकानदारांचं नाव मी इतक्या वर्षांत कधी विचारलेलं नाही. गोळ्यांबरोबर ते शब्दाचं मूळही देतात, तेही गिऱ्हाइकाच्या भाषेत, मराठीत नाहीतर गुजरातीत. मागे कितीही रांग असो, "आता ऐका हं," म्हणाले की माणूस अडकलाच.

गेल्या महिन्यात वरोरच्या एक मासळीवाल्या मावशी डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद घेऊन आल्या. त्यांच्या डोळ्याला सारखं पाणी यायचं. कागदावरचा 'लॅक्रिमल' हा शब्द सुनेने वाचून दाखवल्यापासून त्यांनी धसकाच घेतला होता.

"मोठा रोग हाय ना, भाऊ? मी काय परत जायची नाय तिथं."

"आता ऐका हं, मावशी. लॅक्रिमा म्हणजे लॅटिनमध्ये आसू. फार पूर्वी त्याला डॅक्रुमा म्हणायचे, मग ड चा ल झाला. आपला अश्रूही त्याच कुळातला, असं जाणकार सांगतात."

"म्हंजे आसवंच? रोग नाय?"

"आसवंच. त्यांची वाट तुंबलीय, ती डॉक्टर मोकळी करतील."

मावशी हसल्या, पण त्यांचा पाय काही निघेना. तेव्हा दुकानदारांनी भर गर्दीत शटर ओढलं आणि त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. खोकल्याच्या औषधासाठी थांबलेला मी चरफडत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तर मावशी काउंटरशी उभ्या राहून दुकानदारांकडे बोट दाखवत सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत होत्या, "डॉक्टर नळी लावत होते माझ्या डोळ्याला, अन डोळे गच्च मिटून बसलेले हे!"