काखेतलं सुती कापड

तळोद्याच्या जीप स्टँडमागे एक म्हातारा शिंपी बसतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, कारण तिथे गेले की माझं डोकंच फिरायचं. मी नर्स आहे. आमच्या गणवेशाचं टेरिकॉट वरूनच मिळतं. मी ते त्याच्यापुढे ठेवलं, तर त्याने तोंडाशी धरून फुंकर मारली आणि मान हलवली.

"ताई, यामाईन वारा जात नई."

"काका, नियम आहे. तुम्ही फक्त शिवा."

तीन हेलपाट्यांनंतर मिळालेला कुर्ता ढगळ होता, शिवाय काखेत आणि पाठीवर सुती कापडाचे तुकडे जोडलेले. मी चिडले. तो शांतपणे म्हणाला, "कापड तुमनं, आंग तुमनं, पन सुई मन्ही शे."

दुसरा शिवून घ्यायला वेळ नव्हता, म्हणून तोच घातला. मे महिन्यात लसीकरणासाठी आम्ही दोघी नर्स डोंगर चढलो. साध्या टेरिकॉटमधल्या माझ्या मैत्रिणीला अर्ध्यातच चक्कर आली. तिला सोबत आलेल्या आशा सेविकेजवळ सावलीत बसवून मी पाड्यावर गेले आणि लस देऊन परतले.

उतरताना तिने शिंप्याचा पत्ता विचारला. मी सांगितला आणि बजावलं, "माप दे आणि गप्प ये. वाद घातलास तर तासभर जाईल, आणि शेवटी तो त्याच्याच मनासारखं शिवेल."